चांगुणा बॅटरीवाली

‘कधी चालू होत नाय ते नको सांगू. कधी होते ते सांग.’

चांगुणामावशी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ तिच्या पत्र्याच्या टपरीसमोर घामाघूम होऊन उभा होतो. मोटरसायकल ढकलत आणली होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती आणि पुराची भीती कमी म्हणून मी खोली पोलादपुरात घेतली होती. गाडी नवी नव्हती, पण अगदी जुनीही नव्हती. तिला किक नव्हती. कळ दाबली तर इंजिन फिरायचं, नाहीतर नुसतं ‘टक्’ व्हायचं आणि मग काहीच नाही. महाडात एकाने बॅटरी बदलून दिली होती. दुसऱ्याने स्टार्टरचा कसला तरी डबा बदलला होता. चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा ते ‘टक्’.

मी कधी चालू होत नाही त्याचं रडगाणं सुरू केलं तर मावशीने हात वर करून मला थांबवलं.

‘अरे, चालू होत नाय हे सगळेच सांगतात. ते मला ढकलताना दिसलंच की. होते कधी?’

मी विचार करून म्हणालो, ‘कंपनीतून निघताना होते. लगेच होते. घरी सकाळी होत नाही. म्हणजे कधी कधी होतेही.’

‘घरी लावतोस कुठं?’

‘बोळात. जिन्याखाली.’

‘आणि मान कुठं वळलेली असते?’

मी माझ्या मानेला हात लावला. मावशी इतक्या मोठ्याने हसली की समोरच्या वडेवाल्याने झारा हातात धरून वळून पाहिलं.

‘गाडीची मान रे! तुझी घेऊन मी काय करू?’

बोळ अरुंद होता, हँडल डावीकडे पूर्ण वळवल्याशिवाय गाडी मावत नव्हती आणि मी तशीच कळ दाबायचो, हे मी सांगायच्या आत मावशी गाडीवर बसलीसुद्धा. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट, पायात रबरी चपला. हँडल सरळ ठेवून तिने कळ दाबली. गाडी फुर्रकन चालू झाली. बंद केली. हँडल डावीकडे वळवलं, कळ दाबली. टक्. दिवासुद्धा गेला. सरळ केलं, चालू. वळवलं, मेलेली. असं तिने मला दोन-तीनदा करून दाखवलं, जादूगार करतो तसं, माझ्या तोंडाकडे बघत. मग दिव्याच्या मागचा भाग उघडून हँडलच्या मानेपाशी घासून घासून उघडी पडलेली एक तार बोटावर घेऊन दाखवली. तिच्यात तांब्याचे केसासारखे दोनचार धागे तेवढे शाबूत होते.

‘ही बघ. मान वळवली की सुटते, सरळ केली की चिकटते. आणि तू बॅटऱ्या बदलत बसलायस.’

मी थक्क झालोच होतो, पण पुढे तिने जे केलं त्याने हबकून गेलो. ती रस्त्यावर उतरली आणि एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या लोकांना उद्देशून ओरडली, ‘बघा रे! ह्या पोराला महाडात दोघांनी फिरवला. मी बसल्या बसल्या शोधलं. खाडीपासून घाटापर्यंत माझ्यासारखी कोण हाय काय? असली तर आणा!’

लोक हसले. त्यांना सवय होती. मला मात्र कुठे लपू असं झालं.

पुढे पाच-सहा वर्षं मी तिच्याकडे जात राहिलो. गाडीचं काम असो नसो. पण तिच्यासमोर हबकून जायची माझी सवय काही सुटली नाही.

ती मूळची पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीची. तिथे सगळी घरं गुराढोरांची आणि शेळ्यांची, थोडी नाचणी-वरी. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर मुंबईला गेली. नवरा टॅक्सी चालवायचा. त्यांच्या खोलीखाली गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दिवसभर घरात बसून जीव उबगला म्हणून ती खाली जाऊन बसू लागली. आधी बॅटऱ्यांची तोंडं धुतली, मग पाणी भरलं, मग तारा जोडायला लागली. ‘शेठ म्हणायचा, चांगुणा, तेरा हाथ साफ है.’ हे सांगताना ती स्वतःच्या हाताकडे बघायची. हात काळे आणि खरबरीत होते, आणि लुगड्याला तर बॅटरीतल्या आम्लाचे थेंब उडून उडून जाळी पडलेली असायची. नवं लुगडं नेसली तरी आठवड्यात त्याची चाळण. काम शिकून ती गावाकडे परत आली, नवरा अजून मुंबईतच टॅक्सी चालवत होता. गणपतीला यायचा. भांडण नव्हतं, पण ओढही नव्हती. मी एकदा चाचरत विचारलं तर म्हणाली, ‘तो तिकडं बरा, मी इकडं बरी. दोगं एका ठिकानी आलो की एकाचं तरी बिघडतं.’ आणि पुढच्या गाडीकडे वळली.

बॅटरी ‘खराब’ झाली असं ती कधी म्हणायची नाही. बॅटरी एकतर थकलेली असायची, उपाशी असायची, नाहीतर खोटं बोलत असायची. खोटं बोलणाऱ्या बॅटरीवर तिचा फार राग. मीटरचा काटा लावला की बारा व्होल्ट दाखवते, बारापेक्षा थोडं जास्तच, आणि कळ दाबली की तो काटा धपकन आठावर येतो. ‘बघ, बघ,’ ती गिऱ्हाइकाचं डोकं धरून खाली वाकवायची, ‘बसून असते तवा किती गोड! काम सांगितलं की गेली. नुसतं बसल्या जागी बघून बॅटरी घ्यायची नाय आणि सोयरीक बी करायची नाय.’

तिचं सगळं बरोबरच यायचं असं मुळीच नाही. पाचाडकडच्या शाळेत जाणारे एक गुरुजी होते, पोलादपुरात राहायचे. त्यांची गाडी मध्येच बंद पडायची, मध्येच चालू व्हायची. मावशीने ठासून सांगितलं की वायरिंगमध्ये पाणी जातंय. अर्धी गाडी उघडून तारा बदलल्या. गाडी तशीच. गुरुजी बिचारे मऊ बोलणारे, दोनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी मावशीने सहज गाडीच्या बाजूच्या स्टँडला पायाने ढकललं आणि गाडी बंद पडली. स्टँड खाली असेल तर गाडी चालू होऊ नये म्हणून तिथे एक छोटा खटका असतो. तो चिखलाने अडकत होता, आणि गाडीला स्टँड वर असूनही खाली आहे असं वाटत होतं. वायरिंगचा काही संबंधच नव्हता.

दुसरा कुणी असता तर खटका पुसून गप्प बसला असता. मावशीने टपरी तशीच उघडी टाकली आणि गुरुजींबरोबर त्यांच्या आळीत गेली. मी तिथेच जवळ राहत असल्याने हे डोळ्यांनी पाहिलं. गुरुजींच्या दारात उभी राहून ती त्यांच्या बायकोला, सासूला आणि आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘चांगुणा चुकली! वायरिंग चांगलं व्हतं. मीच चुकले. मी उगाच फाडलं. ऐकलंत काय सगळ्यांनी?’

गुरुजींची बायको भेदरून आत पळाली, तिला वाटलं भांडणच आलं. गुरुजी ‘अहो मावशी, राहू द्या, राहू द्या’ म्हणत हात जोडत होते. मी नंतर तिला म्हटलं, ‘एवढं ओरडून सांगायची काय गरज होती?’

ती म्हणाली, ‘बरोबर येतं तवा ओरडते ना मी? मंग चुकल्यावर तोंड शिवून बसू काय?’

तिला धाकटा भाऊ होता, लक्ष्मण. सगळे लखू म्हणायचे. दोघांत इतकं अंतर होतं की तिच्या लग्नाआधी ती त्याला कडेवर घेऊन शेळ्या राखायला जायची. तिला मूलबाळ झालं नाही. मुंबईहून परत येऊन टपरी टाकल्यावर तिने त्याला वाडीवरून खाली आणला आणि दोन-तीन वर्षं हाताखाली शिकवला. लखूचा हात तिच्यापेक्षाही चपळ होता, हे ती स्वतः सांगायची. पण तो एका जागी बसायचा नाही. सारखा मोबाइल. शेवटी आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर मोटरसायकलींचा स्टँड होता, त्याच्या ठेकेदाराच्या मागे लागून मावशीने त्याला तिथे राखणदार म्हणून चिकटवला. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. गोरा, हसतमुख माणूस. पाऊस आला तर कुणाच्याही गाडीच्या सीटवर स्वतः प्लास्टिक टाकायचा. पाळीवर जाणाऱ्या सगळ्यांशी त्याचं बरं होतं, माझ्याशीही.

मावशीच्या टपरीच्या वाईट दिवसांची सुरुवात पावसाळा संपल्यावर झाली. तिच्याकडून नवी बॅटरी घेतलेला एक जण महिन्याभरातच परत आला. सकाळी गाडी कुरकुरते, कधी होते, कधी होत नाही. मावशीने बॅटरी चार्ज करून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसरा आला. मग तिसरा. नवी बॅटरी अशी वागत नाही. थकलेली बॅटरी दुपारच्या उन्हात कसंबसं इंजिन फिरवते आणि रात्रभर गार पडली की सकाळी हात वर करते. हे मावशी मला कितीदा सांगून चुकली होती. पण या बॅटऱ्या तर तिने स्वतः खोक्यातून काढून बसवलेल्या होत्या.

गावात कुजबुज सुरू झाली. मावशी जुन्या बॅटऱ्या धुऊनपुसून नव्या म्हणून विकते. एकाने तर तिच्या तोंडावर म्हटलं, ‘मावशे, तुझीच बॅटरी खोटं बोलायला लागली की गो.’

मी तिथे होतो. मावशी त्याच्यावर धावून जाईल असं वाटलं. पण तिने खाली मान घालून दुसऱ्या गाडीचं झाकण उघडलं. तिला गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्याच आठवड्यात माझी गाडीही सकाळी ‘टक्’ करून थांबली. माझी बॅटरी गणपतीच्या सुमारास तिनेच बसवली होती. मी गाडी ढकलत टपरीवर नेली. मावशीने बाजूचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि मांडीवर ठेवून तिच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. दोनदा. मग चारी बाजूंनी.

‘ही माझी नाय.’

‘म्हणजे? तुम्हीच तर...’

‘ही मी बसवलेली नाय रे.’

मग तिने मला ते सांगितलं जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लखू स्टँडवर लागल्यानंतर एकदा एका गिऱ्हाइकाने दुसरीकडची मेलेली बॅटरी आणून ‘तुझीच आहे, बदलून दे’ म्हणून तिच्याशी वाद घातला होता. तेव्हापासून ती प्रत्येक बॅटरी बसवण्याआधी खालच्या कडेला कानशीने एक तिरकी खाच पाडायची. वाडीवर प्रत्येक घराच्या शेळ्यांच्या कानाला ओळखीसाठी वेगळी कातर असते. तिच्या बापाची कातर तिरकी होती. तीच खूण तिने बॅटरीला दिली होती. खाच एवढीशी की डोळ्यांना दिसायची नाही, अंगठ्यालाच कळायची. माझ्या गाडीतल्या बॅटरीचा छाप तोच, रंग तोच, पण खाच नव्हती.

आधी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी दोघांना तिने बोलावून घेतलं. दोघांच्याही बॅटऱ्यांना खाच नव्हती. मावशीचा आवाज हळूहळू परत आला. भूत उतरल्यासारखी ती म्हणाली, ‘चोर हाय. बदलतोय कुनीतरी. माझी काढतो आणि थकलेली बसवतो.’ मग तिने तिचा तो जुना प्रश्न जरा फिरवून विचारला. गाडी कुठे कुठे उभी असते? एक जण महाडच्या बाजारपेठेत राहायचा, एक बिरवाडीला, मी पोलादपूरला. आमच्या वाटा वेगळ्या, घरं वेगळी, पाळ्या वेगळ्या.

‘कामाला कुठं?’

तिघेही एकाच वसाहतीत होतो. तिघांच्याही गाड्या एकाच स्टँडवर लागत होत्या.

मला ते त्याच क्षणी कळलं. तिलाही कळलं. पण आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. वडेवाल्याच्या कढईचा आवाज येत होता. मावशीने माझ्या गाडीच्या टाकीवर हात ठेवला. मग म्हणाली, ‘मला तिथं घेऊन चल.’

तिने मला दुसरी बॅटरी बसवून दिली आणि मागे बसली. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची पाळी बदलत होती. सकाळचे लोक बाहेर पडत होते, दुपारचे गाड्या लावत होते, बसमधून उतरणारे वेगळेच. लखूने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा खरोखर उजळला. हे मी विसरू शकत नाही. तो धावत आला.

‘ताई! तू इकडं कशी? चा घेतेस? थांब, आनतो.’

‘खोली उघड.’

स्टँडच्या टोकाला हेल्मेटं ठेवायची पत्र्याची खोली होती. लखू हसत म्हणाला, ‘काय हाय त्यात? सगळी घान.’

‘उघड म्हनते ना.’

त्याने उघडली. कोपऱ्यात पोत्याखाली बॅटऱ्या होत्या. मावशी खाली बसली, एक उचलून मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवला. मग दुसरी. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, खाच नसू दे, खाच नसू दे. तिसरी उचलली. ती तिसरी तिने तशीच परत ठेवली. बघायची गरज उरली नव्हती.

‘कशाला केलंस रे?’

मला वाटलं तो नाही म्हणेल, रडेल, पाय धरेल, कुणाचं तरी नाव घेईल. लखूने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘सोपं व्हतं, ताई.’

मग तो पुढे म्हणाला,

‘चावीशिवाय झाकन कसं काढायचं, दोन मिन्टात बॅटरी कशी सोडवायची... तूच शिकवलंस ना.’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उर्मटपणाही नव्हता. नुसतं खरं सांगितल्यासारखं. मी आयुष्यात बरंच काही पाहिलंय. कारखान्यात वायुगळती झालेली पाहिलीय, माणसं पळताना पाहिलीत. पण त्या एका वाक्याने जसा सुन्न झालो, तसा कशानेच झालो नाही.

मावशी उठली. लुगड्याला हात पुसले. बाहेर येऊन स्टँडच्या सिमेंटच्या कट्ट्यावर चढली आणि पाळी सुटलेल्या त्या सगळ्या गर्दीसमोर ओरडली. आवाज तोच होता, टपरीसमोर स्वतःची फुशारकी मारतानाचा.

‘ऐका रे! तुमच्या बॅटऱ्या ह्याने काढल्या. माझा भाऊस हाय हा. सख्खा. मी हितं लावला व्हता. ज्याची गाडी सकाळी चालू होत नाय, त्याने माझ्याकडं यायचं. मी बदलून देनार. ऐकलंत काय सगळ्यांनी?’

मग मागून एक शिवी आली आणि दोघं-तिघं लखूच्या अंगावर धावले. एकाचा हात पडलाही. मावशी कट्ट्यावरून उडी मारून मधे आली. तिच्या वयाच्या बाईने अशी उडी मारलेली मी पाहिली नव्हती.

‘हात लावायचा नाय!’ ती किंचाळली. ‘पोलिसात जानार हाय तो. मी नेते. पन हात लावाल तर बघा!’

आणि तिने त्याचं मनगट धरलं. रस्ता ओलांडताना लहान पोराचं धरतात तसं. तो निमूट चालू लागला. पोलीस चौकी बरीच लांब होती. भर उन्हात ती पुढे, तो अर्धं पाऊल मागे, आणि त्यांच्या मागे मी गाडी न चालवता हाताने ढकलत. गाडी अगदी ठणठणीत होती. पण ती चालू करायचं मला धाडसच होईना. वाटेत एकदा लखूची चप्पल तुटली. मावशी थांबली. त्याने ती हातात घेतली. दोघं पुन्हा चालू लागली. चौकीत तिने स्वतः तक्रार दिली, जबाब दिला, अंगठ्याने नाही, सही करून.

मला वाटलं होतं, यानंतर लोक तिला डोक्यावर घेतील. झालं उलटंच. आठवड्याभरात मी वेगळंच ऐकू लागलो. भाऊ चोरायचा आणि बहीण विकायची. पकडले जाणार म्हणून तिने आधीच नाटक केलं. ‘एकटा लखू एवढं करतोय होय?’ हे मला माझ्याच प्रयोगशाळेतल्या शिकलेल्या माणसांनी ऐकवलं. मी तिथे होतो, मी पाहिलंय, असं सांगत राहिलो. लोक मान हलवायचे आणि डोळे मिचकावायचे. मला राग येण्यापेक्षा धक्काच जास्त बसला होता. एवढ्या गर्दीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आठ दिवसांत अशी फिरू शकते, हे मला माहीत नव्हतं.

मावशीने मात्र म्हटल्याप्रमाणे बॅटऱ्या बदलून दिल्या. खाच नसलेली बॅटरी घेऊन आला की वाद न घालता नवी. फळ्या रिकाम्या झाल्या. काही लबाडांनी आपल्या खरोखर मेलेल्या बॅटऱ्याही आणल्या. मला कळत होतं तर तिला कळत नसेल? मी म्हटलं, ‘मावशी, हा तुमच्याकडून कधी काही घेऊनच गेला नव्हता.’ ती म्हणाली, ‘असूंदे.’ एवढंच. त्या ‘असूंदे’मध्ये आधीची मावशी कुठेच नव्हती.

मग एके दिवशी तिची आई वाडीवरून खाली आली. वाकलेली, काठी टेकत. टपरीच्या दारात बसली आणि म्हणाली, ‘माझा पोर सोडव.’ मावशी तिला पाणी द्यायला गेली तर म्हातारीने तांब्या बाजूला सारला. ‘तुझ्या हातचं नको गो मला. भावाला पोलिसात दिलास तू. माझ्याशी बोलू नको.’ आणि दिवस मावळेपर्यंत तशीच बसून राहिली. मावशी आत काम करत होती, म्हातारी दारात, मध्ये पाण्याचा तांब्या. गिऱ्हाईक आलं तर तो तांब्या ओलांडून आत जायचं.

लखूच्या जामिनाची तारीख महाडच्या कोर्टात लागली तेव्हा मी रजा काढून गेलो होतो. मावशीने दिलेला वकील काळजीत होता, कारण जामीन राहायला कुणीच पुढे येत नव्हतं. वाडीवरचे येईनात. ठेकेदार तर नाहीच. मावशी म्हणाली, ‘मी राहते की.’

वकील म्हणाला, ‘अहो, तक्रार तुमची आहे.’

‘मंग? तक्रार माझी, जामीन बी माझाच. कुठं लिवलंय नको म्हनून?’

वकिलाने आणखी दोघा वकिलांना विचारलं. लिहिलेलं कुठेच नव्हतं. पण असं कुणी करतं हेही त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. टपरीची आणि घराची कागदपत्रं घेऊन ती आत गेली. न्यायाधीशांनीही तिला पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय? ती म्हणाली, ‘चोरी केली ते मी सांगितलं. आता पळून जानार नाय ते बी मीच सांगते. दोन्ही खरं हाय.’

लखू बाहेर आला तो वाळून गेला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने तिच्यासमोर हात जोडले. ती त्याच्या अंगावरून पुढे निघून गेली, एसटीच्या दिशेने. तो तिच्या मागून चालत गेला. त्या दिवसापासून तो तिच्याच घरी राहत होता, तिच्या हातचं जेवत होता, टपरी झाडत होता, पण ती त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हती. बॅटरीला मात्र हात लावू देत नव्हती.

पुढे माझी बदली गुजरातेतल्या कारखान्यात झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेलो तर ती बंद. वडेवाला म्हणाला, मावशी आईला घेऊन सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलीय, म्हातारीचे गुडघे धरलेत, पाण्यात बसवायला.

मी गाडी तशीच सवकडे वळवली. कुंडांवर फारसं कोणी नव्हतं. पाण्यावर वाफ होती आणि त्यातून गंधकाचा वास येत होता. म्हातारी कुंडाच्या कडेला पाय सोडून बसली होती. मावशी तिच्या खालच्या पायरीवर पाण्यात उभी राहून ओंजळीने तिच्या गुडघ्यांवर पाणी सोडत होती. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण म्हातारीने तोल जाऊ नये म्हणून एक हात मावशीच्या डोक्यावर ठेवला होता. थोड्या अंतरावर, झाडाखाली, खांद्यावर टॉवेल टाकून लखू उभा होता. त्याला जवळ यायची परवानगी नसावी.

मी म्हटलं, ‘मावशी, उद्या निघतोय.’

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, ते मला तेव्हाच दिसलं. ‘जा,’ ती म्हणाली. ‘बरा राहा.’ मग जरा थांबून, ‘गाडी नेतोस ना बरोबर?’

‘नेतोय.’

तिने मान डोलावली आणि पुन्हा पाणी सोडायला लागली. आता निघावं, असं वाटत असताना ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘त्याला सांग, टॉवेल आन.’

लखू पाचसहा पावलांवर होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. तरी तो हलला नाही. माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, ‘लखू, ताई म्हणते टॉवेल आण.’

तो आला. कडेवर गुडघे टेकून बसला आणि टॉवेल तिच्यापुढे धरला. मावशीने तो लगेच घेतला नाही. ओंजळीतलं पाणी संपेपर्यंत आईच्या गुडघ्यावर सोडलं, हात झटकले, आणि मग त्याच्या हातातून टॉवेल घेताना म्हणाली, ‘पाय धर तिचा. घसरंल.’

हे तिने मला नाही, त्याला सांगितलं होतं. लखूच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्याने दोन्ही हातांनी आईचा पाय धरला आणि मान खाली घातली. मी हळूच मागे सरलो, गाडीपर्यंत चालत गेलो आणि तिथूनही पुन्हा वळून पाहिलं. मावशी आईचा दुसरा पाय पुसत होती.